किल्ल्याबाहेरची वसई

परगावचा पाहुणा घरी आला, की आम्ही वसईकर त्याला प्रथम किल्ल्यात नेतो. छत उडालेल्या चर्चच्या कमानीखाली उभे राहून त्याला सनावळी ऐकवतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगिजांना दिला, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला, आणि १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही येथेच. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा मूळची वसईची, हे सांगायला आम्ही चुकत नाही. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर प्राण देणारा आणि १८६२ साली संतपदाला पोहोचलेला गोन्सालो गार्सिया तर आमच्याच मातीतला!

हा अभिमान खोटा नाही. परंतु या कथेत वसई म्हणजे कोणीतरी द्यावी आणि कोणीतरी घ्यावी अशी एक वस्तू आहे. देणारे गेले, घेणारेही गेले. मागे राहिला तो जमीन कसणारा माणूस, आणि त्याचे नाव कोणत्याच तहात नाही. त्याचा इतिहास पाहायचा तर किल्ल्याकडे पाठ करून वाडीत शिरावे लागेल, बावखलाच्या काठाशी उभे राहावे लागेल.

बावखल हा शब्द वसईबाहेर फारसा कोणाला कळत नाही. विहिरीहून ऐसपैस आणि तळ्याहून लहान असा तो घराशेजारचा, वाडीतला पाणीसाठा. पावसाचे पाणी त्यात जमायचे आणि हळूहळू जमिनीत मुरायचे. समुद्र इतका जवळ असताना आमच्या विहिरींना गोडे पाणी कसे, याचे लहानपणी आम्हांला कधी नवल वाटले नाही. गोडे पाणी खाऱ्याहून हलके असते. ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते आणि त्याच्या भाराने खारे पाणी खाली दबून राहते. दर पावसाळ्यात जेवढे मुरेल तेवढेच उन्हाळ्यात उपसावे, हा हिशेब आमच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या पूर्वजांनी बिनचूक जपला. वहीत तो कोणी मांडला नव्हता. रहाटाला जुंपलेले जनावर दमले, की उपसा थांबे. एवढीच त्याची मर्यादा, आणि ती पुरेशी होती.

त्या पाण्यावर काय काय उभे होते! पाटाच्या दोन्ही अंगांना केळीच्या रांगा, आडोशाला पानवेली, कडेला मोगरा. आगाशीकडे राजेळी केळी उन्हात वाळवून त्यांची सुकेळी होत. १८६४ साली रेल्वे आली आणि मुंबईची बाजारपेठ हाताशी आली. पहाटेच्या गाडीला भाजीच्या आणि फुलांच्या पाट्या घेऊन निघणाऱ्या आमच्या आया-आज्यांनी किती घरांची शिक्षणे केली, याची नोंद कोणत्या बखरीत सापडणार? ईस्ट इंडियन घरांत लग्नाच्या आधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणण्याची चाल आहे. ज्याच्यावर संसार चालणार, त्याला पहिले आमंत्रण!

मग रहाट गेले, इंजिने आली, पाठोपाठ विजेचे पंप आले. पंपाला दम लागत नाही. ऐंशीच्या दशकात पूर्वेकडे इमारती उठू लागल्या, तेव्हा त्यांना पाणी हवे होते आणि ते आमच्या विहिरींत होते. टँकर वाडीच्या तोंडाशी येऊन उभे राहू लागले. आम्ही बाहेरच्यांना दोष देतो, परंतु पंपाचे बटण दाबणारा हात बहुधा घरातलाच असे. विहिरी मचूळ झाल्या, पानवेली करपल्या. त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांच्यामागे जो समाज रस्त्यावर आला, त्याच्या रागात थोडी स्वतःची लाजही मिसळलेली होती, असे आम्हांला वाटते. १९९० साली नियोजनाचे काम सिडकोकडे गेले, २००९ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती.

आणि बावखले? ती कोणी मोर्चा काढून वाचवली नाहीत. नळाचे पाणी आले, तेव्हा ती आम्हांला डासांची डबकी वाटू लागली. आमच्या घरचे बावखल आम्हीच बुजवले. दोघा भावांच्या वाटणीत ते मधोमध येत होते, म्हणून आधी घरातला केरकचरा, मग पाडलेल्या जुन्या घराची माती आणि कौले त्यात पडली. आई दोन दिवस त्या बाजूला फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तिने एवढेच विचारले, “बदकं कुठं गेली रे?” आम्ही उत्तर दिले नाही. त्या जागी आता गाड्या उभ्या राहतात.

जुलै २०१८ मध्ये वसई पाण्यात बुडाली. रेल्वे बंद पडली, मिठागरांतल्या वस्तीला पाण्याने वेढले, दिवसचे दिवस वीज नव्हती. मुरायला जागा न उरलेले पाणी घराघरांत शिरले. त्यानंतर काही गावांतील तरुणांनी उरलीसुरली बावखले उपसायला घेतली आहेत. प्लास्टिक, बाटल्या आणि गाळ यांच्याखाली झरे अजून जिवंत आहेत, असे ते सांगतात.

आमच्या वाहनतळावर फरशी बसवून पुष्कळ वर्षे झाली. तरीही जोराचा पाऊस आला, की बरोबर त्याच चौकोनात घोटाभर पाणी साठते. गेल्या पावसाळ्यात नातवाने त्यात कागदाची होडी सोडली आणि विचारले, “आजोबा, पाणी इथंच का थांबतं?” आम्ही त्याला हाताला धरून बसवले आणि बावखलाची गोष्ट सांगायला घेतली. बुजवल्याचा भाग मात्र त्या दिवशी सांगवला नाही.