मेडिकलचा नंबर: वऱ्हाडातला गुणांचा हिशोब

दोन मुलं घ्या. एकाला बारावीत फिजिक्समध्ये ९५, केमिस्ट्रीत ९५ आणि बायोलॉजीत ८०. दुसरीला ८५, ८८ आणि ९७. बेरीज दोघांची २७०. १९९८पर्यंत मेडिकलच्या यादीत ही दोघं शेजारी बसली असती. १९९९ला राज्याची सीईटी आली, २०० गुणांची: फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, बायोलॉजी १००. तेवढ्याच तयारीनं दोघं या परीक्षेला बसली तर मुलाचे १७५ होतात आणि मुलीचे १८३च्या वर जातात. मधल्या आठ गुणांत यादीची बरीच पानं उलटतात. ही मुलगी तेल्हाऱ्याची असेल, तर तिच्या घरादाराचं पुढचं आयुष्य त्या पानांवर ठरतं.

मी १९८४पासून अकोल्यात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवली. गुणांचं रूपांतर प्रवेशात कसं होतं, याचे नियम माझ्या डोळ्यांदेखत वारंवार बदलले, आणि प्रत्येक बदलाबरोबर माझा वर्ग बदलला. कोण बाकावर बसतं, काय वाचतं, काय सोडून देतं, हे सगळं त्या नियमानं ठरवलं.

आधीचं थोडक्यात सांगतो. वऱ्हाड आधी मध्यप्रांतात, पुढे १९५६पर्यंत मध्यप्रदेशात होतं. नागपुरात रॉबर्टसन मेडिकल स्कूल होतं. तिथून एलएमपी होऊन आलेले डॉक्टर आमच्या मूर्तिजापूर तालुक्यात मी लहानपणी पाहिले आहेत. नागपूरचं मेडिकल कॉलेज १९४७चं. जबलपूरचं १९५५ला निघेपर्यंत अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातला इंटर सायन्सचा मुलगा आणि रायपूरचा मुलगा त्याच नागपूरच्या जागांसाठी भांडत होते. पुढे महाराष्ट्र झाला, पण अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ या तेव्हाच्या चार जिल्ह्यांत एकही सरकारी मेडिकल कॉलेज आलं नाही. यवतमाळला ते १९८९मध्ये निघालं. नागपूरच्या कॉलेजनंतर बेचाळीस वर्षं गेली होती.

मी नोकरीला लागलो तो काळ ग्रुपिंगचा. निकाल लागला की पालक एकूण टक्के विचारतच नसत. "सर, पोट्टीचं ग्रुपिंग किती झालं? मेडिकलले नंबर लागते का?" ग्रुपिंग म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या तिघांची ३००पैकी बेरीज. मराठीत ९० पडोत की ४०, यादीला त्याचं काही नव्हतं. पण एक गोष्ट त्या बेरजेत होती आणि ती मला फार मोलाची वाटते: प्रॅक्टिकलचे गुण. कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून स्लाइडवर दाबायचं आणि पेशीविभाजन दाखवायचं, धोतऱ्याचं फूल उभं चिरायचं, झुरळाची पचनसंस्था न तुटता पाण्यात मोकळी करायची. मुलं संध्याकाळी लॅब बंद होईपर्यंत थांबत, कारण बाहेरून येणाऱ्या परीक्षकासमोर हात थरथरला तर त्याची किंमत थेट यादीत मोजावी लागे. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याच्या हाताची परीक्षा सतराव्या वर्षी थोडी का होईना होत होती.

त्या पद्धतीत दोष मोठा होता. एकेका गुणावर मुलांची रांग लागे. पेपर तपासणारा बदलला की दोन-चार गुण इकडे-तिकडे होत, आणि दोन-चार गुण म्हणजेच नंबर. शिवाय प्रॅक्टिकलचे गुण सगळीकडे सारख्याच कडकपणे दिले जात होते, असं कोणी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. सीईटी आणण्यामागची कारणं खरी होती.

त्याच वर्षांत गुणांचं रूपांतर रुपयांतही व्हायला लागलं. १९८३नंतर राज्यात विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं; १९८४ला अमरावतीत डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३च्या उन्नीकृष्णन निकालानं खाजगी कॉलेजातल्या निम्म्या जागा 'फ्री' आणि निम्म्या 'पेमेंट' केल्या. म्हणजे यादीत वरच्याला सरकारी फी, त्याच्याखालच्याला तोच वर्ग, तोच बाक आणि कितीतरी पट पैसे. माझ्यासमोर बसून कापसाचा आणि तुरीचा हिशोब मांडणारे बाप मी पाहिले आहेत. ग्रुपिंगमधले दोन गुण म्हणजे एक शेत, असा तो हिशोब होता. तो अतिशयोक्तीचा नव्हता.

आणि सत्तर-तीस. राज्याच्या वाट्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या-त्या विभागात बारावी झालेल्यांना, ३० टक्के सगळ्या महाराष्ट्राला. विभाग तीन, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. घटनेच्या ३७१(२) कलमात या विभागांच्या समतोलाची जी काळजी आहे, तंत्रशिक्षणाच्या सोयींचा जो उल्लेख आहे, त्याच विचारातली ही व्यवस्था. मुलाचा गुण एक आणि तो कुठे बसून मिळवला याचं वजन दुसरं, असं मान्य करणारं हे एकच सूत्र माझ्या नोकरीत मी पाहिलं. रिसोडच्या मुलाला पुण्याच्या मुलाशी जागा मिळवण्याआधी शिक्षकांची, पुस्तकांची, विजेची स्पर्धा करावी लागते, हे त्या सूत्राला ठाऊक होतं. मराठवाड्यातली मुलं त्यात भरडली गेली, हे खरं आहे. तिथं कॉलेजं कमी, म्हणून आमच्याहून जास्त गुण असूनही ती बाहेर राहत. त्यावर उपाय तिथं कॉलेजं काढण्याचा होता. सप्टेंबर २०२०मध्ये राज्य सरकारनं सत्तर-तीसच रद्द केलं.

सीईटीकडे परत येतो. बायोलॉजीला निम्मं वजन मिळालं, याचा मला आनंद झाला आणि तो आजही टिकून आहे. आमच्या भागात गणिताचे आणि फिजिक्सचे चांगले शिक्षक कायम कमी पडत आले. बायोलॉजी मात्र खेड्यातलं पोरगं पुस्तक पाठ करून, शेत-गोठ्यात पाहिलेलं आठवून स्वतःच्या बळावर उभं करू शकतं. २००२ला अकोल्यात सरकारी मेडिकल कॉलेज आलं, सर्वोपचार त्याचं रुग्णालय झालं, आणि अकोट-बाळापूरच्या मुलींची नावं तिथल्या यादीत दिसू लागली.

पण माझी लॅब ओस पडली. बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते उरले: खुल्या गटाला तीन विषयांत ५० टक्के, राखीव गटाला ४०. तेवढे तर सगळ्यांनाच पडत. प्रॅक्टिकलच्या तासाला मुलं ट्यूशनला जायची, जर्नल एकमेकांचं बघून उतरवायची. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नसल्यानं शेवटच्या मिनिटांत उरलेले सगळे गोल काळे करायचे, हे शहाणपण पोरांना शिकवावं लागलं.

देशभरासाठी एकच असलेल्या नीट परीक्षेनं तेही उलटलं. ७२० गुण, १८० प्रश्न, बरोबरला चार, चुकीला उणे एक. अंदाजानं मारलेल्या चार उत्तरांत एक बरोबर आलं तर हाती एक गुण पडतो, पण मन खचतं ते वेगळंच. बायोलॉजीचं वजन ३६०, म्हणजे निम्मं, तेवढं टिकलं. गुण सारखे झाले तर आधी बायोलॉजीच बघतात. मे २०१३ला पहिली नीट झाली, जुलैत सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द ठरवली, पुढची दोन वर्षं पुन्हा सीईटी. २०१६ची गोष्ट तर मी विसरू शकत नाही. एप्रिलअखेर आदेश आला की नीटच. ५ मेला मुलं सीईटीला बसली, ती धरणार की नाही हे कोणालाच माहीत नसताना. २४ मेला वटहुकूम निघाला आणि राज्याच्या जागांसाठी त्या वर्षापुरती सीईटी ग्राह्य झाली. ते तीन आठवडे मुलं कोणतं पुस्तक उघडायचं हे विचारायला घरी येत होती.

२०१७पासून नीट मराठीतही देता येते. तरी राज्य मंडळाचं पुस्तक मागे पडलं आणि एनसीईआरटीचं पुढे आलं. अकोल्यात तोष्णीवाल ले-आउटकडे बुलडाणा, वाशीम, यवतमाळची पोरं रूम करून राहू लागली. कॉलेजात फक्त हजेरीपुरती. ज्याच्या बापाला दोन वर्षांची रूम, मेस आणि ट्यूशन परवडते, त्याच्यापुरती ही परीक्षा समान आहे. २०२४ला देशभरातून २४ लाखांहून जास्त मुलांनी नोंदणी केली. त्या गर्दीत खेड्यातली मुलगी कुठून निघाली हे ७२०चा आकडा सांगत नाही.

सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजचं उदाहरण इथं आठवावं. १९६९ला सुरू झालेल्या त्या कॉलेजात नीट येईपर्यंत स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तीत गांधीविचारांचा पेपर असे. पेपरनं माणूस कळतो असं मी म्हणत नाही. पण येणाऱ्यानं खेड्याचा विचार निदान एकदा वाचून यावा, ही अपेक्षा प्रवेशाच्या नियमातच लिहिलेली होती.

२०२४ला अमरावती, बुलडाणा आणि वाशीमला सरकारी मेडिकल कॉलेजं मंजूर होऊन सुरू झाली. आता अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांत सरकारी कॉलेज आहे. माझ्या पहिल्या बॅचच्या वेळी एकही नव्हतं. जागा घराशेजारी आल्या, तेव्हा त्या जागांवरचं विभागाचं वजन चार वर्षांआधीच काढून टाकलेलं होतं. तामिळनाडूनं २०२०मध्ये कायदा करून, सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून नीट पास झालेल्यांना मेडिकलच्या ७.५ टक्के जागा दिल्या. मद्रास उच्च न्यायालयात तो टिकला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आणि तालुक्याच्या अनुदानित कॉलेजातून आलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रानं असाच कायदा करावा, आणि त्याची सुरुवात या तीन नव्या कॉलेजांपासून व्हावी, अशी माझी मागणी आहे.