मॅटाडोरच्या पेडलापासून पिवळ्या दिव्यापर्यंत

भिवंडीत ब्रेकचं काम वाढलं ते कापडामुळे. 1982 च्या संपात मुंबईच्या गिरण्या थंडावल्या आणि आमच्याकडच्या यंत्रमागांवर रात्रंदिवस काम पडू लागलं. कापडाचे तागे मुंबईला पोचवायला आधी मॅटाडोर होत्या, 1986 साली टाटा 407 आली. कल्याण नाका, वंजारपट्टी नाका, अंजूरफाटा, जिथे गाडी थांबायची तिथे टायरवाले, कमानपाटेवाले, डायनामोवाले बसले आणि त्यांच्या रांगेत ब्रेकवालेही. माझे वडील मागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे, होते. मी शाळा सुटल्यावर या रांगेत रमायचो, पुढे तोच माझा धंदा झाला.

त्या काळचा ब्रेक पायाला आणि कानाला कळायचा. पेडल मऊ लागलं की लाइनमध्ये हवा शिरलेली. दाबून धरलं असताना सावकाश खाली बसत गेलं की मास्टर सिलिंडरचं रबर गेलेलं. ड्रममधून खरखर आली की लायनिंग संपून रिवेट घासायला लागलेले. हवा काढताना उस्ताद चाकापाशी आडवे, पोऱ्या सीटवर, आणि एकच पुकारा: ‘मार, मार, मार... दाबून धर!’ ब्लीडर सैल झाला की नळीतून बाटलीत बुडबुडे यायचे. बुडबुडे थांबून तेलाची अखंड धार लागली की ते चाक झालं. लांबच्या चाकापासून सुरुवात करायची हा क्रम आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवला नाही, पण चुकू दिला नाही.

या सगळ्या कारागिरीला एका गोष्टीवर उपाय नव्हता. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की चाक जाम व्हायचं, आणि जाम झालेल्या चाकाला स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी वळत नाही. कसारा घाटातल्या पावसात ड्रायव्हर लोक पेडल मारून सोडत, पुन्हा मारत, तोच त्यांचा उपाय. विमानांना हा प्रश्न आधी पडला. 1950 च्या दशकात इंग्लंडच्या डनलॉप कंपनीने मॅक्सारेट नावाची यंत्रणा विमानाच्या चाकांसाठी काढली. मोटारीत बॉशची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. चाकाचा वेग मोजायचा, चाक जाम व्हायला लागलं की त्याच्या ब्रेकचा दाब सोडायचा, पुन्हा धरायचा, आणि हे एका सेकंदात कित्येक वेळा. ड्रायव्हरचा पाय जे दोनदा-तीनदा करू शकत होता ते आता यंत्र करू लागलं. हीच एबीएस.

आमच्याकडे ती उशिरा पोचली. बरीच वर्षं महागड्या गाड्यांपुरतीच होती. अवजड ट्रक आणि बसना ती 2015 साली सक्तीची झाली, मोटारींना आणि 125 सीसीच्या वरच्या दुचाकींना एप्रिल 2019 पासून. मधल्या काळात भिवंडीही बदलली. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर मानकोली, काल्हेर, दापोडे, पूर्णा इथं गोदामं उभी राहिली होतीच. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं हटली नाहीत, आणखी मोठी झाली. रस्त्यावर गाड्या वाढल्या, आणि त्यांच्या मीटरमध्ये एबीएसचा बिघाड दाखवणारा पिवळा दिवा आला.

या दिव्याचं निदान सुरुवातीला स्कॅनरशिवाय व्हायचं. मारुतीच्या जुन्या मॉडेलांत तपासणीच्या कपलरमधल्या ठरलेल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या, चावी फिरवायची आणि दिव्याची उघडझाप मोजायची. एकदा, थोडं थांबून दोनदा, म्हणजे 12: यंत्रणेच्या नोंदीत काही बिघाड नाही. पुढे स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट आला आणि स्वस्त स्कॅनरही आले. पण त्यातले बहुतेक फक्त इंजिनचे कोड वाचतात. एबीएसच्या कंट्रोल युनिटशी बोलणारा स्कॅनर वेगळा आणि महाग. त्याच्यासाठी आमच्या रांगेतल्या कित्येकांनी कर्ज काढलं.

स्कॅनर आला तशी एक वाईट सवयही आली: ‘डाव्या पुढच्या चाकाचा सेन्सर’ असा कोड दिसला की सेन्सर बदलायचा. कोड फक्त ते सर्किट दाखवतो. त्यात सेन्सर आहे, वायर आहे, कपलर आहे, चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग आहे. वडिलांकडून ऐकलेली गोष्ट मला इथे उपयोगी पडली. मागावर आडवा धागा तुटला की एक छोटा काटा ते हेरतो आणि माग थांबतो. धागा शाबूत असूनही माग थांबत असेल तर चांगला जॉबर काटा बदलत नाही, काट्यापर्यंत धागा कसा पोचतोय ते आधी बघतो.

एका गोदामवाल्याची गाडी अशीच आली. सेन्सर दोनदा नवा बसवलेला, दिवा तरी परत येणारा. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग लावून आम्ही गाडी हळू चालवली. तीन चाकं बरोबर आकडा दाखवत होती, डावं पुढचं चाक खड्ड्यात उतरलं की शून्य. गाडी वर घेतली. अॅक्सलवर मागाच्या सुताचा काळा गुंता वळलेला होता आणि त्याने सेन्सरची वायर क्लिपमधून ओढून काढलेली. वरून वायर अखंड दिसत होती. बोटांनी वाकवत गेलो तेव्हा एका जागी ती लुळी पडली. आवरण कापलं तर आत तांब्याच्या तारा हिरव्या होऊन तुटलेल्या. वायर बदलली, सूत काढलं, दिवा गेला.

सेन्सरही आता बदलले आहेत. जुना म्हणजे चुंबक आणि तारेचं वेटोळं, ओहम-मीटरला साधारण हजार-दीड हजार दाखवणारा. नव्यात इलेक्ट्रॉनिक चिप असते, ओहम-मीटर लावून त्याचं काही कळत नाही. पुष्कळ गाड्यांत तर दातेरी रिंगच नाही, बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाचे पट्टे असतात. असं बेअरिंग उलटं ठोकलं की गाडी व्यवस्थित धावते आणि दिवा मात्र जात नाही.

पिवळा दिवा एकटा लागला तर साधा ब्रेक लागतो, एबीएस मात्र बंद असते. त्याच्यासोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला आणि हँडब्रेक सोडलेला असेल तर गाडी पुढे नेऊ नका. तेल संपलेलं असू शकतं किंवा पुढच्या-मागच्या चाकांत दाब वाटणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. आणि जुनी गाडी घेणार असाल तर इंजिन चालू करण्याआधी नुसती चावी फिरवा. एबीएसचा दिवा लागून काही क्षणांत विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कुणीतरी तो काढून टाकलेला असू शकतो. अशी गाडी घेऊ नका.