मुदत संपलेला करार

कराराला जसा आरंभ असतो तसा शेवटही असतो, अशी आपली साधी समजूत. इंग्लंडातील धंदेवाईक फुटबॉलपटूच्या बाबतीत मात्र १८९३ पासून तब्बल सत्तर वर्षे ती खोटी ठरत होती.

त्याचा करार एका वर्षाचा. परंतु त्याच्या नावाची नोंदणी क्लबाच्या हाती असे. वर्ष सरल्यावर क्लबाने त्याला 'राखून ठेवलेल्यां'च्या यादीत घातले, की लीगमधील दुसऱ्या क्लबाचे दार त्याला बंद. एखाद्या शिक्षकाची नेमणूक संपावी, पगार थांबावा, आणि तरीही जुन्या शाळेच्या संमतीवाचून त्याला अन्यत्र खडू हाती धरता येऊ नये, असाच हा प्रकार! श्रीमंत क्लबांनी सारे गुणी खेळाडू पळवू नयेत म्हणून हा नियम आहे, असे चालक सांगत. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण त्याची किंमत मोजावी लागे ती खेळाडूला. १९१२ साली किंगबी नावाच्या खेळाडूने अ‍ॅस्टन व्हिला क्लबाला न्यायालयात खेचले, आणि तो हरला.

पुढे जॉर्ज ईस्टहॅम उभा राहिला. न्यूकॅसल क्लबाशी असलेला त्याचा करार ३० जून १९६० रोजी संपला. त्याने नवी सही करण्याचे नाकारले. क्लबाने त्याला सोडण्याचे नाकारले. तेव्हा हा नामांकित खेळाडू कित्येक महिने मैदान सोडून बूच विकण्याच्या नोकरीवर राहिला. अखेर ४७,५०० पौंडांना आर्सेनलने त्याला घेतले. त्याचे स्वतःचे काम झाले होते, तरी खेळाडूंच्या संघटनेच्या पाठबळावर त्याने दावा चालविला. १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही राखणपद्धती म्हणजे व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन होय, असा निर्णय दिला.

तरीही करार संपलेल्या खेळाडूबद्दल मोबदला मागण्याची चाल उरलीच. बेल्जियममधील लिएज क्लबाने १९९० साली ज्याँ-मार्क बोस्मन याला मासिक १,२०,००० फ्रँकऐवजी ३०,००० देऊ केले, आणि फ्रान्समधील डंकर्क क्लबाकडे त्याचे जाणेही अडले. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा तो एकतीस वर्षांचा झाला होता. त्याची खेळण्याची वर्षे दाव्यातच गेली होती.

तेव्हापासून युरोपात किंमत उरली ती केवळ कराराच्या न संपलेल्या मुदतीला. स्पेनमध्ये तर सुटकेचा आकडा करारातच लिहितात. २०१७ साली नेमार बार्सेलोना सोडून पॅरिसला गेला, तो असाच २२ कोटी २० लाख युरो भरून.