दोन सारख्या ओळी

मुक्त सॉफ्टवेअरचे परवाने या एका अर्थी सनदाच होत. मूळ संहितेत फेरफार करण्याची मुखत्यारी त्यांनी ज्याला त्याला बहाल केली, पण केलेला फेरफार मूळ कर्त्याच्या दप्तरी नोंदलाच पाहिजे, असे कलम मात्र त्यांत घातले नाही. १९९३ साली स्लॅकवेअर आणि डेबियन ही लिनक्स वितरणे उदयास आली, तेथूनच या मुखत्यारीविषयीचे दोन स्वभाव वेगळे झाले: स्लॅकवेअरने मूळ कर्त्याचा माल शक्यतो जसाच्या तसा पुढे धाडला, तर डेबियनने पॅकेजागणिक मेंटेनर ठेवून त्याला पॅच लावण्याची मुभा दिली. २००० साली रेड हॅटने तर जीसीसी कंपायलरच्या अधिकृत आवृत्तीची वाटही न पाहता, विकासाधीन प्रतीलाच २.९६ हा क्रमांक देऊन ती वाटली. तेव्हा ही आवृत्ती आमची नव्हे, असे जीसीसीच्या सुकाणू समितीला जाहीर करावे लागले.

परंतु या वादाचा खरा दस्तऐवज म्हणजे कूटलेखनाच्या किल्ल्या घडवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या डेबियनमधील प्रतीतल्या दोन ओळी. आरंभीचे मूल्य न दिलेली मेमरी वाचली जात असल्याची तक्रार व्हॅलग्राइंड हे तपासणीचे साधन सारखी करीत असे. ती मिटावी एवढ्याच सद्हेतूने २००६ साली मेंटेनरने या दोन्ही ओळी कॉमेंटमध्ये टाकून निष्प्रभ केल्या. ओळी अक्षरशः सारख्या, कार्य मात्र भिन्न: एक काढली तरी चालणारी, दुसरी यादृच्छिकतेच्या साठ्यात बाहेरून आलेले बीज कालवणारी. ती गेल्यावर बीज म्हणून उरला केवळ प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे फार तर ३२,७६८ शक्यता. इतक्या किल्ल्या एखाद्या संगणकाने फावल्या वेळात घडवून ठेवाव्यात!

मेंटेनरने मूळ संघाला विचारले नव्हते असे नाही. विचारले होते, आणि उत्तर बरेचसे अनुकूलच आले. म्हणून त्या एकट्यावर ठपका ठेवणे मला अन्यायाचे वाटते. सुरक्षेच्या दुरुस्तीसाठी अधिकृत आवृत्तीची वाट पाहत बसणे वितरकाला परवडत नाही, हेही मान्य. आक्षेप आहे तो पॅच वितरकाच्याच दप्तरात पडून राहण्याला, कारण त्यामुळे, ज्यांना त्या ओळींचा अर्थ ठाऊक होता त्यांच्या नजरेखालून अंतिम दुरुस्ती गेलीच नाही.

जवळजवळ वीस महिने, डेबियनवर आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटूवर, अशाच दुबळ्या किल्ल्या घडत राहिल्या. लुसियानो बेलो यांच्या ते ध्यानात आले आणि १३ मे २००८ रोजी डेबियनने दोष जाहीर केला. मग बाद किल्ल्यांच्या याद्या पॅकेज म्हणून वाटल्या गेल्या. आणि ज्यांच्या डीएसए किल्ल्या अन्यत्र उत्तम घडल्या होत्या, त्यांनाही, सदोष यंत्रावर त्या एकदा जरी सहीसाठी वापरल्या असतील, तर मोडीत काढाव्या लागल्या.