मस्तकाघात, मुलांमधील गंभीर : अतिदक्षता काळातील उपद्रव

वाहन-अपघातात किंवा उंचावरून पडून मुलाच्या डोक्याला जबर मार बसल्यानंतर, अतिदक्षता विभागातील उपचारांच्या काळात मेंदूत व इतर अवयवांत उद्भवणारी गुंतागुंत. शुद्धीची पातळी मोजण्यासाठी टीसडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या ग्लासगो कोमा मापनश्रेणीत ३ ते १५ गुण असतात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा.

मार बसताक्षणी झालेली हानी भरून काढता येत नाही. त्यानंतर प्राणवायूची कमतरता, घसरलेला रक्तदाब व सूज यांमुळे होणारी दुय्यम हानी मात्र बरीचशी टाळता येते. अतिदक्षता विभागातील सारी धडपड त्यासाठीच असते.

*मेंदूवरील दाब :* सूज किंवा साचलेले रक्त यांमुळे कवटीच्या आतील दाब वाढतो व मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. दाब २० मिमी. पाऱ्याच्या खाली राखण्याचा प्रयत्न असतो. त्यासाठी डोक्याकडची बाजू ३० अंश उंच, मान सरळ, गुंगीची औषधे, तीव्र सलाइन आणि प्रसंगी शस्त्रक्रिया. एका डोळ्याची बाहुली मोठी होणे, नाडी मंदावणे ही धोक्याची लक्षणे होत.

*झटके :* पहिल्या ७ दिवसांत येऊ शकतात. लहान वयात धोका अधिक. स्नायू शिथिल करणारी औषधे चालू असताना अंग हलत नाही, त्यामुळे ते केवळ ईईजीवर (मेंदूतील विद्युत् लहरींच्या आलेखावर) कळतात.

*सोडियमचा बिघाड :* मूत्रपिशवीत पाण्यासारखी फिकट लघवी भराभर जमू लागली आणि रक्तातील सोडियम चढले, तर मूत्ररोधक संप्रेरक कमी पडल्याची शंका येते. याउलट सोडियम घटण्याची कारणे मुख्यतः दोन : त्याच संप्रेरकाच्या अतिरेकाने शरीरात पाणी साठणे किंवा लघवीवाटे मीठ व पाणी दोन्ही वाहून जाणे. पहिल्यात पाणी मर्यादित ठेवतात. दुसऱ्यात तसे केल्यास रक्तदाब घसरून मेंदूला नवी इजा होते. म्हणून परिचारिका दर तासाला मोजत असलेली लघवी ही निदानाची मोठी खूण ठरते.

*इतर :* व्हेंटिलेटरमुळे न्यूमोनिया, रक्त गोठण्यातील दोष, साखरेचे चढउतार, शय्याव्रण. ताप आटोक्यात ठेवणे आवश्यक असते; मात्र शरीर ३२.५ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून पाहिलेल्या, २२५ मुलांवरील २००८ च्या चाचणीत फायदा आढळला नाही.

वाचलेल्या मुलांत स्मृती, एकाग्रता व वागणूक यांच्या अडचणी उरू शकतात. पीयूषिका ग्रंथीला इजा झाल्यास वाढ खुंटते. म्हणून घरी गेल्यावरही उंची, वजन व शालेय प्रगतीची नियमित तपासणी व्हायलाच हवी.