अंगावरून पांढरे जाणे : घरगुती उपचार आणि तपासणीचा इतिहास
(विशेष संदर्भ : यवतमाळ व गडचिरोली)

प्रस्तावना :
पटकी, प्लेग, देवी या साथींची नोंद शासकीय दप्तरात होत आली. कापूस वेचणाऱ्या, निंदण करणाऱ्या स्त्रीच्या गुप्त आजाराची नोंद होण्यासाठी मात्र तिने तो बोलून दाखवणे आवश्यक होते. 'अंगावरून पांढरे जाणे' किंवा 'धुपणी' या शब्दांत सांगितला जाणारा त्रास यवतमाळ जिल्ह्यातही पिढ्यान्‌पिढ्या घरातच राहिला. वारंवार होणारा बुरशीजन्य योनिदाह हे त्याचे एक कारण होय. या त्रासावरील घरगुती उपचार का टिकले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परंपरागत ज्ञान :
चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ३० व्या अध्यायात २० योनिव्यापदांचे वर्णन आहे. त्यातील कफजन्य प्रकारात बुळबुळीतपणा व कंड ही लक्षणे येतात. तथापि, हा आजच्या अर्थाने बुरशीचाच आजार होता असे म्हणता येत नाही. कारण तेथील वर्गीकरण दोषांवर आधारलेले आहे, जंतूंवर नाही. आयुर्वेदात काढ्याने प्रक्षालन करणे, औषधी पिचू ठेवणे असे उपचार आढळतात. कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी, त्रिफळ्याचा काढा, तुरटीचे पाणी आणि दही हे घरगुती उपाय याच वाटेवरचे आहेत.

आधुनिक निदान :
विल्किन्सन यांनी १८४९ साली लंडनमध्ये योनिस्रावातील बुरशीचे वर्णन केले. पुढे १९२३ मध्ये 'कँडिडा' ही संज्ञा रूढ झाली. एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राऊन या दोन स्त्री-संशोधकांनी १९५० साली निस्टॅटिन हे बुरशीनाशक जगापुढे आणले. औषध उपलब्ध झाले. परंतु ते मिळण्यापूर्वी तपासणी व्हावी लागते, आणि ग्रामीण स्त्रीची तपासणीच होत नव्हती.

या वस्तुस्थितीचा पुरावा यवतमाळच्या शेजारील चंद्रपूर जिल्ह्यातून १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोलीतून मिळाला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण व कुटुंबनियोजन, या धोरणात्मक समजुतीस या आकड्यांनी धक्का दिला. यवतमाळ येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापनाही १९८९ चीच. पुढे १९९७ च्या प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रमात जननमार्गाच्या संसर्गाचा समावेश झाला.

घरगुती उपायांचे मूल्यमापन :
परंपरेतील सर्वच त्याज्य नाही. अंग कोरडे ठेवणे, सुती वस्त्र वापरणे, घामाचे वा ओले कपडे लगेच बदलणे हे उपयुक्त आहे. मात्र आतून धुणे अपायकारक ठरते. त्यामुळे योनीतील संरक्षक जंतूंचे संतुलन बिघडते. लसूण ठेवल्यास दाह वा भाजल्यासारखी जखम होऊ शकते. दह्याच्या उपयोगास पुरेसा शास्त्रीय आधार नाही. पाळीचे कापड लाजेपोटी आडोशाला, ओलसर जागी वाळत घालण्याऐवजी स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावे.

वर्षातून तीन वा अधिक वेळा त्रास उद्भवल्यास मधुमेहाची तपासणी, प्रतिजैविकांच्या वापराचा आढावा आणि स्रावाची तपासणी आवश्यक ठरते. अशा रुग्णांस साधारण सहा महिन्यांची औषधयोजना द्यावी लागू शकते. गर्भवतीने तोंडावाटे घ्यावयाची बुरशीनाशके स्वतःहून घेऊ नयेत. पांढरा स्राव प्रत्येक वेळी बुरशीमुळेच होतो असे नाही, आणि थोडा स्राव हा आजारही नव्हे. म्हणूनच अंदाजाने केलेला उपचार, मग तो काढ्याचा असो वा औषधाच्या दुकानातील गोळीचा, अपुरा पडतो.

निष्कर्ष :
घरगुती उपचार टिकले ते केवळ अज्ञानामुळे नव्हे. विचारणारे कोणी नव्हते, तपासणारे त्याहून कमी होते. अशा वेळी सासूने वा जावेने सांगितलेला काढा हीच स्त्रीला उपलब्ध असलेली आरोग्यसेवा होती. २००५ पासून ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी आशा कार्यकर्ती आली. तिच्याजवळ हा त्रास मोकळेपणाने सांगता येणे आणि पुढे आरोग्यकेंद्रात एकांतात तपासणी होणे, या दोन गोष्टी घडल्या तरच काढ्यावरील विसंबणे खऱ्या अर्थाने संपेल.