धून ओळखा, घंटा वाजवा!

मंडळी, आपल्या गाण्याच्या भेंड्यांत जिंकणाऱ्याला फार तर टाळ्या मिळतात. अमेरिकेत मात्र १९५३ साली ‘नेम दॅट ट्यून’ टीव्हीवर आला आणि गाणी ओळखण्याला पैसे मिळू लागले. वाद्यवृंद धून वाजवी. ओळखणाऱ्याने धावत जाऊन घंटा वाजवायची!

१९५७ मध्ये त्यात एक जोडी जमली. मेजर जॉन ग्लेन, वय ३६, लढाऊ वैमानिक. आणि दहा वर्षांचा एडी हॉजेस. दोघांनी मिळून २५,००० डॉलर जिंकले, निम्मे निम्मे वाटून घेतले. त्याच वर्षी एडीला ब्रॉडवेवर ‘द म्युझिक मॅन’मध्ये भूमिका मिळाली, ग्लेन १९६२ मध्ये पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालून आले.

बक्षिसापेक्षा मला ती वाटणी मोलाची वाटते. गाणे ओळखताना मेजर आणि पोर एकाच बाकावरचे विद्यार्थी!